वेदना, अफू आणि रुग्णालयातील औषधनिर्माता

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





दहावी-बारावीनंतर मुलांनी कोणत्या शाखेकडे जावे ह्या विषयावर मी बोलावे, असे चिटणीससाहेबांनी मला सांगितले होते. मी त्यांच्याकडे थोडी सवलत मागितली. साऱ्या शाखांची यादी वाचून दाखवण्यापेक्षा एकाच पेशाबद्दल, आणि त्यातल्याही एकाच कामाबद्दल मला बोलू द्या, असे मी म्हटले आणि त्यांनी ते मान्य केले. ते काम म्हणजे रुग्णालयातील औषधनिर्मात्याचे, ज्याला आपण फार्मासिस्ट म्हणतो त्याचे. त्यातही, असह्य वेदना सोसणाऱ्या रोग्याला अफूच्या जातीची औषधे मोजून, वेळेवर आणि धोका न होता मिळतील हे पाहण्याचे.

मी बी. ए., बी. एड. झालेला इतिहासाचा शिक्षक. ह्याला औषधातले काय कळते, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. पुस्तके मी नंतर वाचली, जाणत्यांना विचारलेही नंतर. आधी हा विषय माझ्या घरात आला, आणि तेव्हा मी त्यात नापास झालो. म्हणूनच आज बोलतो आहे.

आमचे अब्बा साताऱ्याला एस. टी. च्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. खिशात पाना नसेल एखादे वेळी, पण तंबाखू-चुन्याची डबी असायचीच. २०१८ साली त्यांच्या जबड्याला कर्करोग झाल्याचे निघाले. आपल्या सातारा-सांगलीकडे पुरुषांची तंबाखू आणि बायकांची मशेरी घरोघर आहे. तिच्यावर मी आज वेगळे बोलत नाही. त्यांना घेऊन आम्ही मिरजेला गेलो. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस ह्यांनी मिरजेला मिशनचे रुग्णालय उभारले, तेव्हापासून आपल्याकडचेच नव्हे तर कर्नाटकातलेही रोगी मिरजेची वाट धरत आले आहेत. अब्बांची शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, काही महिने बरे गेले. २०१९ च्या मार्चमध्ये दुखणे उलटले. आता रोग हटवण्याचा इलाज राहिलेला नाही, वेदना मात्र आटोक्यात ठेवता येईल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आणि मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या.

वेदना म्हणजे काय ते मी त्या दिवसांत पाहिले. अब्बा रात्री झोपत नसत. खाटेचा खूर धरून खाली बसून राहत. आवाज शेजारी जाऊ नये म्हणून अम्मीला रेडिओ मोठा करायला सांगत. उभ्या आयुष्यात ज्या माणसाने कोणाला आपली तक्रार ऐकू दिली नाही, त्याची ही शेवटची इभ्रत होती.

आणि मी काय केले? दर वर्षी २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाच्या दिवशी, शाळेत भाषण करणारा मी. मॉर्फिन अफूपासून काढतात एवढे मला ठाऊक होते, आणि तेवढेच ठाऊक होते. दिवसाला ६ गोळ्या द्यायला सांगितले होते: सकाळी ६ ला, १० ला, दुपारी २ ला, संध्याकाळी ६ ला, आणि रात्री १० वाजता दोन एकदम, म्हणजे मध्यरात्री उठवावे लागत नाही. मी मात्र अब्बा कण्हू लागले की एखादी गोळी देई. फार झाले तर दोन. अब्बाही म्हणत, "रहने दे बेटा, आदत पड जाएगी." बाप आणि मुलगा दोघांनी मिळून, व्यसन लागेल ह्या भीतीने, ते दोन आठवडे काढले. ज्याच्या आयुष्याचे चार महिनेही उरलेले नव्हते त्याला व्यसन लागेल, ही भीती!

पुढच्या खेपेला येताना उरलेल्या गोळ्या बरोबर आणा, असे रुग्णालयातून बजावले होते. म्हणून १४ व्या दिवशी मी पिशवी घेऊन औषधांच्या खिडकीवर उभा राहिलो. आत एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी पट्ट्या उलट्यासुलट्या करून मोजल्या, वहीत पाहिले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"सर, ८४ दिल्या होत्या. ५० शिल्लक आहेत. वडिलांना गोळ्या कोण देतं?"

"मीच देतो, मॅडम. फार दुखलं तरच देतो. उगाच सवय नको."

मला वाटले, काटकसर केली म्हणून त्या शाबासकी देतील. त्यांनी हातातले पेन खाली ठेवले. मागे रांग होती. मागच्या माणसाला त्यांनी "दोन मिनिटं थांबा, मामा" म्हटले आणि बाजूच्या दाराने मला आत बोलावून स्टुलावर बसवले.

त्यानंतरची पंधरा मिनिटे मला आजही जशीच्या तशी आठवतात. दुखल्यावर गोळी देणे म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर कौले शाकारायला वर चढण्यासारखे आहे, असे त्या म्हणाल्या. वेदना एकदा चढली की तिला उतरवायला जास्त औषध लागते. ती चढूच नये म्हणून घड्याळ लावून गोळी द्यायची. दुसरे त्यांनी सांगितले ते सवयीबद्दल. हे औषध काही आठवडे घेतले की शरीराला त्याची सवय होते, एकाएकी बंद केले तर त्रास होतो, म्हणून बंद करायचे झाल्यास डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू उतरवतात. परंतु ह्याला व्यसन म्हणत नाहीत. नुकसान होते आहे हे दिसत असूनही मन त्याच वस्तूच्या मागे धावते, ते व्यसन. वेदनेसाठी, मोजून, कोणाच्या तरी देखरेखीखाली औषध घेणाऱ्या रोग्याला असे होण्याचा संभव कमी असतो. मुळीच नसतो असे नव्हे, आणि म्हणूनच तर मोजायचे असते.

मग त्यांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. लघवी नीट होते का? कारण मॉर्फिन शरीरात वापरले गेल्यावर त्याचे जे अंश उरतात ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. मूत्रपिंड थकलेले असेल तर ते साठून राहतात आणि मात्रा भारी पडते. त्यांनी जुना रक्ताचा अहवाल काढून पाहिला. आधी दुखण्यावर काय घेत होते? मी सांगितले की, कोपऱ्यावरच्या दुकानातून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणत होतो, दिवसाला तीन-तीन, कधी चारही. त्या नुसत्या हं म्हणाल्या. अफूचे औषध तेवढे विषारी आणि दुकानातली साधी वेदनाशामक गोळी म्हणजे चणे-फुटाणे, हा आपला मोठा गैरसमज आहे. जठराला व्रण पाडण्यात आणि मूत्रपिंड बिघडवण्यात ह्या साध्या गोळ्यांचा हात केवढा असतो ते डायलिसिसच्या खोलीबाहेर बसणाऱ्यांना विचारावे.

"पोट साफ होतं का?" त्यांनी विचारले. पोटाचे औषध दिले होते, पण अब्बा फारसे जेवतच नाहीत म्हणून ते मी बाजूला ठेवले होते. त्या म्हणाल्या, "ह्या गोळीनं मळमळ होते ती चार-सहा दिवसांत जाते, गुंगी येते तीही जाते. बद्धकोष्ठ मात्र जात नाही. गोळी जितके दिवस, पोटाचं औषध तितके दिवस."

"रात्री झोपेसाठी काही देता का?"

मी सहज सांगून गेलो की, अम्मीची झोपेची गोळी आहे, ती कधी अर्धी, कधी एक देतो. तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. मॉर्फिन आणि झोपेची गोळी ही दोन्ही मेंदूला संथ करणारी औषधे आहेत. दोन्ही एकत्र झाली की श्वास मंदावत जातो आणि माणूस झोपेतच जाऊ शकतो. दारूचेही तसेच. त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ती गोळी त्याच दिवशी बंद झाली आणि मॉर्फिनच्या वेळा नव्याने ठरल्या. म्हणजे पाहा, जिथे भ्यायचे कारण नव्हते तिथे मी भीत होतो आणि जिथे भ्यायला हवे होते तिथे बेफिकीर होतो.

शेवटी त्यांनी एका कोऱ्या कागदावर ठळक अक्षरात मराठीत वेळापत्रक लिहिले. खाली लिहिले: हाक मारली तरी जाग येत नाही, श्वास फार सावकाश चालला आहे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत, असे दिसले तर पुढची गोळी द्यायची नाही आणि लगेच रुग्णालय गाठायचे. अशा वेळी देण्याचे उताऱ्याचे औषध असते, नॅलोक्सोन म्हणून. ते वॉर्डात आहे की नाही आणि त्याची मुदत संपली नाही ना, हे पाहणेही त्यांच्याच कामात येते.

मी उठलो तेव्हा त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात तुमचा रमजान आहे ना? वडील रोजे धरायचं म्हणतील. त्याचं काय करायचं ते आताच ठरवा." माझ्या डोक्यात हे आलेच नव्हते. बारा-बारा तासांनी घ्यायची मॉर्फिनची गोळी असते, ती सहेरी आणि इफ्तारीला बसली असती; पण ती गोळी अख्खीच गिळावी लागते. ती कुटली तर बारा तासांचे औषध एकदम अंगात उतरते. जबडा गेलेल्या माणसाला अख्खी गोळी गिळवत नव्हती. साधी गोळी मात्र पाण्यात विरघळवून देता येते, तीच चालू ठेवली. आजाऱ्याला रोजा माफ आहे हे अब्बांना ठाऊक होते, पण मनाला पटत नव्हते. आमच्या मशिदीचे इमामसाहेब घरी आले आणि त्यांनी समजूत घातली. अफयूनची गोळी घेणे जायज आहे काय, हेही अब्बांनी त्यांना विचारून घेतले. नशेसाठी घेणे वेगळे आणि दुसरा इलाज नसताना वैद्याच्या सांगण्यावरून दुखण्यासाठी घेणे वेगळे, असे ते म्हणाले, तेव्हा कुठे अब्बांना स्वस्थता वाटली.

वेळापत्रक पाळू लागल्यावर चौथ्या रात्री अब्बा सलग पाच तास झोपले. पहाटे अम्मी घाबरून त्यांच्या नाकाशी हात धरून बसली होती. पुढे ते बसून नमाज पढू लागले, दोन घोट शोरबा घेऊ लागले, आणि नातवाला सायकलची चेन कशी बसवायची ते खुणांनी दाखवू लागले. जुलैमध्ये ते गेले. ती पंधरा मिनिटे त्या बाईंनी मला दिली नसती तर शेवटचे महिने कसे गेले असते, ह्याचा विचार मी करीत नाही.

आता थोडे इतिहासाकडे वळतो, कारण तो माझा विषय आहे.

मॉर्फिन शोधून काढले ते कोणा नामांकित डॉक्टराने नव्हे. जर्मनीतल्या पाडरबोर्न गावी औषधाच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या फ्रिडरिख झेर्ट्युर्नर नावाच्या विशीतल्या तरुणाने १८०४-०५ च्या सुमारास अफूतून ते वेगळे केले. ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून त्याने त्याला नाव दिले. पुढे त्याने स्वतःवर आणि तीन पोरांवर त्याचा प्रयोग केला आणि चौघेही मरता मरता वाचले. त्याचे महत्त्व असे की, त्यापूर्वी अफूची एक गोळी सौम्य निघे तर दुसरी जीव घेई, कारण प्रत्येक चिकात अर्क सारखा नसतो. त्याच्या शोधामुळे ह्या औषधाला वजन आले, मात्रा आली. तेव्हा मोजून देणाऱ्याच्या पेशाचेच हे अपत्य आहे, असे म्हटले तर चूक होणार नाही. औषध देणाऱ्याचा स्वतंत्र पेशा तर त्याहून किती तरी जुना. अरबीत त्याला सैदलानी म्हणतात, आणि अल-बिरुनीने औषधशास्त्रावर लिहिलेल्या ग्रंथाचे नावच 'किताब अस-सैदना' असे आहे.

आपल्या देशाची गोष्ट मात्र विचित्र आहे. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. गाझीपूर आणि नीमच येथे तिच्यावर प्रक्रिया करणारे सरकारी कारखाने आहेत. ज्या मालापासून जगाचे दुखणे शमते तो माल आपल्या मातीत येतो. आणि आपलेच रोगी? १९८५ साली गुंगीकारक औषधी द्रव्यांचा कायदा झाला. तस्करीला आळा घालावा हा त्याचा हेतू रास्तच होता. परंतु शिक्षा कडक, प्रत्येक राज्याचे नियम निराळे, मॉर्फिन आणायचे तर चार-पाच परवाने हवेत, आणि पाचवा हाती येईतो पहिल्याची मुदत संपलेली. परिणाम असा झाला की रुग्णालयांनी आणि औषधनिर्मात्यांनी त्या कपाटालाच हात लावायचे सोडून दिले. १९९७ साली साऱ्या देशात औषध म्हणून वापरलेले मॉर्फिन अवघे १८ किलो होते. 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ साली हिशेब मांडला, तेव्हा भारतात गरजेच्या जेमतेम ४ टक्के वेदनाशमन होते असे निघाले. कायद्याने नशेबाजाला किती रोखले ते सांगता येत नाही. अब्बांसारख्यांना मात्र रोखले. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन वगैरे सहा औषधे अत्यावश्यक ठरली असून राज्याच्या औषध नियंत्रकाने एकदा मान्यता दिली की रुग्णालयाला ती ठेवता येतात.

पण कायदा मोकळा झाला तरी भीती मोकळी होत नाही. आणि भीतीला कारणेही आहेत. अमेरिकेत ह्याच्या उलट घडले. १९९६ साली एका कंपनीने ऑक्सिकोडोनची नवी गोळी बाजारात आणली, व्यसनाचा धोका फार कमी अशी तिची जाहिरात केली, आणि पाठदुखी-गुडघेदुखीलाही ती सर्रास दिली जाऊ लागली. त्या कंपनीने पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला. तोवर घरेच्या घरे उद्ध्वस्त झाली होती. ज्यांची मुले तिकडे नोकरीला आहेत त्यांनी हे ऐकले असेल. आपल्या मराठीतही 'अफूची गोळी' हा शब्दप्रयोग उगाच रूढ झालेला नाही. कामावर जाताना तान्ह्या बाळाला अफू चाटवून निजवण्याची चाल आपल्याकडे होती.

इकडे आड, तिकडे विहीर. ह्या दोहोंमधून रोग्याला नेणारा माणूस म्हणजे रुग्णालयातला औषधनिर्माता. सरकारी भाषेत त्याला औषधनिर्माण अधिकारी म्हणतात. अफूच्या औषधांचे कपाट कुलपात असते, किल्ली जबाबदार माणसाकडेच असते. आलेली, दिलेली आणि शिल्लक राहिलेली प्रत्येक गोळी, प्रत्येक इंजेक्शन वहीत चढते. वॉर्डातून रिकामी कुपी परत आल्याशिवाय नवी मिळत नाही. अर्धी कुपी वापरली तर उरलेली दुसऱ्या माणसासमोर ओतून टाकून दोघांच्या सह्या होतात. हे झाले राखणदारीचे काम. पण खरे काम चिठ्ठी वाचण्याचे आहे. तोंडाने घ्यायची मात्रा आणि इंजेक्शनची मात्रा एक नसते. मॉर्फिन तोंडाने घेताना इंजेक्शनच्या दुपटी-तिपटीने लागते. घाईत लिहिणाऱ्याने दोन्हीत गल्लत केली तर ती पकडायची कोणी? फेंटानिल हे मॉर्फिनच्या सुमारे शंभरपट तीव्र. त्याची कातडीवर चिकटवायची पट्टी मिळते. ती लावलेल्या जागी गरम पाण्याची पिशवी ठेवली की औषध भराभर अंगात शिरते, आणि वापरून टाकलेली पट्टी एखाद्या मुलाने खेळता खेळता स्वतःला चिकटवली तर जीवच जाऊ शकतो. कोडीन शरीरात गेल्यावर त्याचे मॉर्फिन होते, काहींच्या शरीरात ते फार वेगाने होते, म्हणून कोडीन असलेले खोकल्याचे औषध लहान मुलांना देऊ नये. हे रोग्याला त्याच्या भाषेत सांगायचे, आणि डॉक्टराला वेळप्रसंगी फोन करून नम्रपणे पण ठामपणे विचारायचे, ह्याला विद्या लागते आणि धीरही लागतो.

दुसरी एक हकीकत थोडक्यात सांगतो. सांगलीला माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा मोटारसायकलवरून पडला. पायात सळई घातली, दहा दिवसांच्या ट्रॅमाडॉलच्या गोळ्या मिळाल्या. तो त्या सात महिने घेत राहिला, शेवटी दिवसाला १२. ट्रॅमाडॉल हेही अफूच्याच जातीचे. २०१४ पासून त्याची विक्री नोंदवहीत लिहावी लागते आणि २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे. तरीही जुन्या चिठ्ठीवर त्याला एका दुकानातून ते मिळत राहिले. एके दिवशी त्याला फिट आली. घरच्यांनी आकडीचा आजार समजून नजर उतरवण्याची तयारी चालवली होती. रुग्णालयात दाखल केल्यावर तिथल्या तरुण औषधनिर्मात्याने खाटेशी बसून, आईबापांना बाहेर पाठवून, कोणती गोळी, किती, केव्हापासून, असे न रागावता विचारले, तेव्हा मुलगा रडला आणि त्याने सांगितले. ट्रॅमाडॉल जास्त झाले की फिट येते. मुलावर आकडीच्या आजाराचा शिक्का बसायचा टळला, गोळ्या टप्प्याटप्प्याने उतरवल्या, आज तो कामाला आहे.

त्या दुकानाच्या भिंतीवर एका औषधनिर्मात्याचे प्रमाणपत्र चौकटीत लावलेले होते. तो इसम त्या गावात राहतच नव्हता.

पालकहो, इथे मला थोडे कडू बोलावे लागेल. आपल्यातले कित्येक जण मुलाला डी. फार्मसीला घालतात ते 'मेडिकल टाकता येईल' म्हणून. टाकायला भांडवल नसले तर प्रमाणपत्र भाड्याने देता येते, महिन्याला घरबसल्या पैसे येतात, असा हिशेब मी लग्नाच्या बैठकीतही ऐकला आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याने नोंदणीकृत माणसाशिवाय कोणी औषध देऊ नये असे ठरवले आहे. भाड्याने दिलेले प्रमाणपत्र म्हणजे सह्या केलेला कोरा धनादेश; त्यावर माझ्या विद्यार्थ्याचे सात महिने लिहिले गेले.

बारावी विज्ञाननंतर डी. फार्मसी दोन वर्षांची. त्यानंतर प्रत्यक्ष उमेदवारी करावी लागते. बी. फार्मसी चार वर्षांची. २००८ पासून फार्म. डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रमही आपल्या देशात आहे, त्याचे शेवटचे वर्ष रुग्णालयातच काढायचे असते. खर्चाचा प्रश्न आहे, मी तो झाकून ठेवीत नाही. नोकऱ्या हव्या तितक्या नाहीत, पगारही सुरुवातीला बेताचा असतो, आणि रुग्णालयातल्या औषधनिर्मात्याला अजून अनेक जण कंपाऊंडर म्हणूनच हाक मारतात. पण आपल्या मुलींना मी मुद्दाम सांगतो, ह्या कामात नीटनेटकेपणा, चिकाटी आणि माणसाशी बोलण्याची हातोटी लागते, आणि ती माझ्या वर्गात मुलांपेक्षा मुलींकडे मला जास्त दिसते.

ज्यांना हा पेशा करायचा नाही त्यांनाही काही करता येते. केरळात १९९३ साली कोझिकोडला वेदनाशमनाचे काम सुरू झाले. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात, जिथे आपल्या समाजाची वस्ती मोठी आहे, गावोगावच्या लोकांनी ते उचलले. दुकानदार, शिक्षक, कॉलेजची पोरे आठवड्यातले काही तास देतात, घरी खिळलेल्या रोग्यांकडे जातात, वर्गणी गोळा करतात. केरळने २००८ मध्ये ह्यासाठी राज्याचे धोरण केले. आपल्या महाराष्ट्राचेही धोरण २०१२ मध्ये झाले. धोरण झाले, मलप्पुरम व्हायचे आहे.

अब्बांच्या चाळिसाव्यानंतर ओळखीतला एक तरुण घरी आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाला, "चाचांच्या त्या गोळ्या उरल्या असतील ना? एकाला हव्यात." एकाला म्हणजे कोणाला ते मी विचारले नाही, आणि त्यानेही माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही. दुसऱ्या दिवशी मी मिरजेची गाडी पकडली. २२ गोळ्या उरल्या होत्या. बाईंनी त्या मोजल्या, मला मोजायला लावल्या, वहीत परत आल्याची नोंद केली, माझी सही घेतली आणि स्वतःची केली. मग अम्मीला झोप लागते का, असे विचारले.

त्यांनी लिहून दिलेला वेळापत्रकाचा कागद मी जपून ठेवला आहे. त्याच्या कोऱ्या प्रती छापून घेतल्या असून त्या दाराजवळच्या टेबलावर आहेत. औषधाचे नाव आणि मात्रा तुमचे डॉक्टर व औषधनिर्माते भरतील, माझ्याकडून कोणी भरून घेऊ नये. ज्यांच्या घरी असा रोगी आहे त्यांनी एक-एक प्रत न्यावी, आणि उरलेल्या गोळ्या मोजून परत करण्याची जागा कागदाच्या तळाशी आहे तीही पाहावी. बारावी विज्ञानच्या ज्या मुला-मुलींना रुग्णालयातील औषधालय आतून पाहायचे असेल त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर मला भेटावे. एका रुग्णालयाने दहा जणांना परवानगी दिली आहे. आतापर्यंत चार नावे आली आहेत.

खुदा हाफिज.